पतीची पोटगी

‘पोटगी’ हा शब्द मोठा साधा आहे. पोट भरण्यापुरते जे द्यावयाचे, ती पोटगी. या शब्दाच्या पोटात ना स्त्री आहे ना पुरुष. आहे ती भूक, आणि ती भागविण्याची कोणावर तरी पडलेली जबाबदारी. असे असूनही पोटगीचा विषय निघाला की आपल्याकडे एकच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते : कोर्टाच्या व्हरांड्यात कडेवर मूल घेऊन उभी असलेली परित्यक्ता, आणि महिन्याकाठचे ठरलेले रुपये देण्यासही टाळाटाळ करणारा तिचा नवरा. हे चित्र खोटे नाही. परंतु कायद्याच्या इतिहासात याच्या उलट दिशेने जाणारी एक वाटही आहे. त्या वाटेवर अर्जदार पती असतो आणि जाबदार पत्नी. दोघे विभक्त झालेली असतात. तो निष्कांचन असतो आणि तिच्यापाशी जमीन, व्यवसाय अथवा नोकरी असते. अशा वेळी पतीच्या निर्वाहाची जबाबदारी कायदा पत्नीवर टाकू शकतो काय? भारतात हिंदू विवाह कायद्याने या प्रश्नाला १९५५ सालीच होकारार्थी उत्तर दिले आहे.

तो कायदा १८ मे १९५५ रोजी अमलात आला. त्याच्या चोविसाव्या कलमात असे सांगितले आहे की, वैवाहिक दावा चालू असताना पत्नी अथवा पती यांपैकी ज्याला स्वतःच्या निर्वाहापुरते आणि दाव्याच्या खर्चापुरते स्वतंत्र उत्पन्न नसेल, त्याला दुसऱ्या पक्षाने तो खर्च व मासिक रक्कम द्यावी, असा हुकूम न्यायालय करू शकेल. पंचविसाव्या कलमाने हुकूमनाम्याच्या वेळी किंवा त्यानंतर कधीही कायम पोटगी मागण्याची मुभा दिली, आणि तीही दोघांपैकी कोणालाही. ‘पत्नी अथवा पती’ या तीन शब्दांमागे कित्येक शतकांचा इतिहास उभा आहे. तो पाहिला म्हणजे ध्यानात येते की पत्नीने पतीला पोसण्याचा प्रश्न हा मुळात स्त्रीच्या मालमत्तेचा प्रश्न होता. जिच्या हाती काही नव्हते तिच्याकडे कोणी काही मागितले नाही. आणि जेव्हा तिच्या हाती काही आले, तेव्हा त्यावर हक्क सांगणारे फार वेळ थांबले नाहीत.

प्रारंभ आपल्या धर्मशास्त्रापासून करावयास हरकत नाही. पत्नीचे भरणपोषण हे पतीचे अटळ कर्तव्य होय, याविषयी स्मृतिकारांत मतभेद नाही. त्याच्या उलट कर्तव्याचा प्रश्नच सहसा उपस्थित होत नसे. कारण पत्नी जे मिळवील ते पतीचे, असा मनुस्मृतीचा दंडक होता. याला मोठा अपवाद स्त्रीधनाचा. माहेरच्या मंडळींनी, आप्तांनी, प्रत्यक्ष पतीने प्रेमाने दिलेले जे धन, ते तिचे स्वतःचे. परंतु याज्ञवल्क्याने व्यवहाराध्यायात या स्त्रीधनालाही चार खिडक्या ठेविल्या आहेत. दुष्काळ पडला असता, आवश्यक धर्मकार्यासाठी, आजारपणात आणि बंदिवासासारख्या संकटात पतीने पत्नीचे स्त्रीधन घेतले, तर ते परत करण्यास तो बांधलेला नाही. चालुक्य नृपती सहाव्या विक्रमादित्याच्या कारकीर्दीत कल्याणी येथे ‘मिताक्षरा’ लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने त्यावर दोन महत्त्वाचे निर्बंध घातले. एक, पतीपाशी दुसरे द्रव्य नसले तरच ही सवलत. आणि दुसरा, ती सवलत एकट्या पतीची, सासरच्या अन्य कोणाचीही नव्हे.

येथे दरिद्री पतीच्या मदतीस पत्नीचे धन येते खरे. पण कसे येते ते पाहिले पाहिजे. शास्त्राने पत्नीला ‘तू दे’ असे सांगितलेले नाही. पतीला ‘तू घेतलेस तर चालेल’ असे सांगितले आहे. हे देणाऱ्याचे कर्तव्य नव्हे, घेणाऱ्याला दिलेली परवानगी होय. शिवाय ही सारी व्यवस्था एका चुलीवर जेवणाऱ्या जोडप्यासाठी होती. दोघे कायद्याने विभक्त राहत आहेत आणि तिच्याकडून त्याला दरमहा काही रक्कम पोहोचत आहे, ही कल्पना त्या व्यवस्थेत बसणारी नव्हती.

इंग्लंडात परिस्थिती याहून कठोर होती. विवाहानंतर पती-पत्नी मिळून कायद्याच्या दृष्टीने एकच व्यक्ती होत, आणि ती व्यक्ती म्हणजे पती, असा तेथील सामान्य कायद्याचा सिद्धांत ब्लॅकस्टनने आपल्या भाष्यग्रंथात १७६५ साली मांडून ठेविला. लग्न लागताच पत्नीची जंगम मालमत्ता पतीची होई आणि तिच्या जमिनीचे उत्पन्नही त्याच्याच हाती जाई. सर्वस्व असे आधीच घेतल्यावर विभक्तपणी तिच्याकडून पोटगी मागण्यास उरत काय होते? म्हणूनच पोटगी एकाच दिशेने वाहत असे. १८५७ साली दिवाणी न्यायालयांना घटस्फोटाचा अधिकार मिळाला, तेव्हा एक कलम मात्र असे आले की, व्यभिचारामुळे पत्नीविरुद्ध हुकूमनामा झाला आणि तिची स्वतःची मालमत्ता असली, तर तिचा काही भाग निर्दोष पतीच्या व मुलांच्या हितासाठी राखून ठेवता यावा. पत्नीचा पैसा पतीकडे येण्याचा हा दुसरा प्रकार. पहिला परवानगीचा होता, हा शिक्षेचा. पती भुकेला आहे की नाही याच्याशी त्याचा संबंध नव्हता.

तिसरा प्रकार आला तो १८७० साली. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेसंबंधीच्या त्या वर्षीच्या कायद्याने इंग्लिश पत्नीला स्वतःची कमाई प्रथमच स्वतःची म्हणता आली. पण त्याच कायद्याच्या तेराव्या कलमाने तिच्यावर एक ओझेही ठेविले. तिचा पती निराधार होऊन पॅरिशच्या, म्हणजे त्या त्या चर्चच्या हद्दीतील गावाच्या, खर्चाने पोसला जाऊ लागला, तर न्यायाधीशांनी तिच्या स्वतंत्र मालमत्तेतून त्याच्या पोषणाचा खर्च वसूल करावा. १८८२ च्या अधिक व्यापक कायद्यातही हीच तरतूद कायम राहिली. या कलमात पतीने पत्नीवर दावा लावावयाचा नव्हता. दावा लावणार होते ते गरिबांना पोसणारे सार्वजनिक खाते. गावकऱ्यांवरील कर वाढू नये ही त्यामागची चिंता होती. हक्क मिळाला त्याच कायद्यात जबाबदारी मिळाली, आणि तीही कोणाच्या जिव्हाळ्यासाठी नव्हे, जमाखर्चाच्या वहीसाठी. पुढे १९४८ च्या साहाय्य कायद्याने पतीने पत्नीला आणि पत्नीने पतीला पोसावे, असे एकाच कलमात सांगितले. १९६० साली वय, आजार अथवा अपंगत्व यांमुळे कमावण्याची शक्ती क्षीण झालेल्या पतीला मॅजिस्ट्रेटपुढे पत्नीकडून पोटगी मागता येऊ लागली. घटस्फोटाच्या दाव्यांत दोन्ही पक्ष एका पातळीवर आले ते १९७० च्या कायद्याने.

युरोपखंडातील कायदेपंडितांनी हा प्रश्न अधिक तत्त्वनिष्ठेने हाताळला. १८०४ च्या नेपोलियनच्या संहितेत पत्नी पतीच्या आज्ञेत राहील असे स्पष्ट लिहिलेले होते. तरीही परस्परांना साहाय्य करण्याचे कर्तव्य दोघांचेही आहे, असे तिने मानले. आणि घटस्फोट मिळविणाऱ्या पक्षाला दुसऱ्याच्या उत्पन्नाच्या एक तृतीयांशापर्यंत पोटगी देण्याची तिची तरतूद स्त्री वा पुरुष असा भेद न करता शब्दबद्ध झाली होती. जर्मनीची दिवाणी संहिता १ जानेवारी १९०० पासून अमलात आली. तिने त्याही पुढे जाऊन सांगितले की, पती स्वतःचा निर्वाह करण्यास असमर्थ असेल, तर पत्नीने आपली मालमत्ता व कमावण्याची ताकद यांच्या मानाने त्याला पोसले पाहिजे. दोघे विभक्त राहत असतील तर हे पोषण रोख रकमेच्या हप्त्यांनी व्हावे, असेही तिने ठरविले. घटस्फोटात एकटी पत्नी दोषी ठरली आणि पती असमर्थ असला, तर नंतरही त्याला पोसण्याचा भार तिच्यावरच होता. पतीच्या असमर्थतेची अट येथे महत्त्वाची आहे. जर्मन कायदेकारांनी गरज आणि असमर्थता यांची सांगड घातली, आणि आळशी पतीसाठी दार उघडे ठेविले नाही.

याच युरोपीय परंपरेचा एक धागा गोव्यात येऊन पोहोचला. १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेने परस्परांना साहाय्य करणे हे पती-पत्नी दोघांचेही कर्तव्य म्हणून नोंदविले होते. पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यानंतर नोव्हेंबर १९१० मध्ये घटस्फोटाचा कायदा झाला. त्यात गरजू पक्षाला, तो पती असो वा पत्नी, दुसऱ्याकडे पोटगी मागण्याचा हक्क मिळाला. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि १९६२ च्या कायद्याने तेथील पूर्वीचे कायदे चालू ठेवण्यात आले. त्यामुळे मांडवीच्या काठचा हिंदू, ख्रिस्ती आणि मुसलमान नागरिक कौटुंबिक बाबतीत आजही त्याच परंपरेच्या छायेत आहे.

इस्लामी धर्मशास्त्रात नफका, म्हणजे निर्वाहाचा खर्च, पतीवरच असतो. पत्नी कितीही धनवान असली तरी पतीला पोसण्याचे बंधन तिच्यावर नाही, हे भारतात बहुसंख्य मुसलमान मानतात त्या हनफी पंथाचे मत. तरीही स्पेनमधील कोर्दोव्हा नगरीचा अकराव्या शतकातील पंडित इब्न हज्म याने ‘अल्-मुहल्ला’ या आपल्या ग्रंथात वेगळा कौल दिला. पती निर्वाहास असमर्थ आणि पत्नी संपन्न असेल, तर तिनेच त्याला पोसावे आणि त्याची परतफेड मागू नये, असे त्याचे म्हणणे होते. ते मत मागे पडले. परंतु नऊशे वर्षांपूर्वीही हा प्रश्न एका जाणत्या माणसाला टोचत होता, एवढे त्यावरून कळते.

इंग्रजी अमदानीत भारतात जे कायदे झाले त्यांनी मात्र इंग्लंडचीच जुनी वाट धरली. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात दाव्याच्या काळातील पोटगी फक्त पत्नीला मिळे, आणि तीही पतीच्या सरासरी निव्वळ उत्पन्नाच्या एक पंचमांशाहून अधिक नसावी अशी मर्यादा होती. व्यभिचारी पत्नीच्या मालमत्तेतून पतीसाठी व मुलांसाठी तजवीज करण्याचे इंग्लंडमधील कलमही त्यात उतरले. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील ४८८ वे कलम पत्नी आणि मुले यांच्यासाठी होते. पतीला पत्नीकडून निर्वाह मागण्याची सोय यांत कोठेच नव्हती. सोय नव्हती, म्हणून प्रश्नही नव्हता काय? मुंबईत गाजलेल्या एका दाव्याने तो किती ज्वलंत होता हे दाखवून दिले.

हा दावा म्हणजे दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई. रखमाबाईंचा जन्म १८६४ चा. वडील जनार्दन पांडुरंग त्यांच्या बालपणीच वारले. आई जयंतीबाई यांनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला आणि पहिल्या पतीची मालमत्ता मुलीच्या नावे केली. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजींशी झाले. परंतु त्या सासरी नांदावयास गेल्याच नाहीत, सावत्र पित्याच्या घरी वाचन करीत वाढल्या. १८८४ साली दादाजींनी नांदविण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात फिर्याद गुदरली. रखमाबाईंनी जी कारणे पुढे केली त्यांत पतीची प्रकृती आणि वागणूक यांच्याबरोबर एक कारण सरळ दारिद्र्याचे होते : आपल्याला राहण्यास घर आणि पोटास अन्न देण्याची त्याची ऐपत नाही. उलट बाजूने, दादाजींचा डोळा पत्नीच्या मालमत्तेवर आहे, असे तिच्या पक्षाकडून बोलले जात होते. एका बाजूस निर्धन पती, दुसऱ्या बाजूस मालमत्ता असलेली आणि विभक्त राहणारी पत्नी, असा हा सामना होता.

न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ मध्ये निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. अपिलात तो फिरला. फेरसुनावणीनंतर मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी पतीकडे नांदावयास जाण्याचा हुकूम केला. न गेल्यास सहा महिने कैद. त्यापेक्षा तुरुंग बरा, असे उत्तर त्या तरुण स्त्रीने दिले, आणि साऱ्या देशात वादळ उठले. अखेर १८८८ साली तडजोड झाली. दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन आपला हक्क सोडला. ही रक्कम पोटगी नव्हती. तिला तसे नाव देणे इतिहासाला धरून होणार नाही. परंतु विभक्त पत्नीकडून निर्धन पतीकडे पैसा गेला, ही वस्तुस्थिती उरतेच. कायद्यापाशी पतीची गरज मोजण्याचे माप नव्हते. पत्नीच्या देहावरचा हक्क मोजण्याचे तेवढे होते. म्हणून गरजेचा व्यवहारही हक्काच्या सौद्याच्या रूपाने करावा लागला. रखमाबाई पुढे लंडनला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरत व राजकोट येथील स्त्रियांची त्यांनी दीर्घकाळ सेवा केली. नांदावयास न जाणाऱ्या पत्नीला तुरुंगात धाडण्याची तरतूद कायद्यातून गेली ती १९२३ साली.

मधल्या काळात हिंदू स्त्रीच्या मालमत्तेच्या हक्कांचा प्रश्न पुढे सरकत होता. डॉ. गोपाळराव देशमुख यांच्या प्रयत्नांनी झालेल्या १९३७ च्या कायद्याने विधवेला पतीच्या मिळकतीत हिस्सा दिला. १९४१ साली बेनेगल नरसिंगराव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि हिंदू संहितेची आखणी सुरू झाली. डॉ. आंबेडकरांनी ते विधेयक संसदेत जिवाच्या आकांताने लढविले आणि ते अडविले गेले म्हणून १९५१ च्या सप्टेंबरात मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे त्या संहितेचे तुकडे करून ते एकामागून एक संमत करण्यात आले. विवाहाचे विधेयक लोकसभेत चालविण्याची कामगिरी हरि विनायक पाटसकर यांच्याकडे आली. या कायद्यात ‘पत्नी अथवा पती’ हे शब्द आले; तर वर्षभरापूर्वी, १९५४ साली, त्याच संसदेने केलेल्या विशेष विवाह कायद्यात पोटगी पत्नीपुरतीच राहिली, आणि वर्षभरानंतर झालेल्या १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्यातही विभक्त राहून निर्वाह मागण्याचा हक्क पत्नीलाच मिळाला. तीन वर्षांतील तीन कायद्यांपैकी एकातच पती अर्जदार झाला. मात्र १९५६ च्याच वारसा कायद्याच्या चौदाव्या कलमाने हिंदू स्त्रीला तिच्या मिळकतीची पूर्ण मालकीण केले. पतीला पत्नीकडे मागता येईल अशी सोय करणारा कायदा आणि पत्नीला देण्याजोगे काही मिळवून देणारा कायदा, असे दोन्ही तेरा-चौदा महिन्यांच्या अंतराने आले, ही गोष्ट विसरता येत नाही. रखमाबाईंचे देहावसान २५ सप्टेंबर १९५५ रोजी झाले. तेव्हा नवा विवाह कायदा चार महिन्यांचा होता.

इतर कायद्यांनी हळूहळू पाऊल उचलले. पारशी विवाह व घटस्फोट कायदा १९३६ चा. त्यात १९८८ च्या दुरुस्तीने पोटगीचा हक्क पती-पत्नी दोघांनाही मिळाला. १८६९ च्या कायद्यातील एक पंचमांशाची मर्यादा आणि दोषी पत्नीच्या मालमत्तेसंबंधीचे ते शिक्षेचे कलम २००१ मध्ये वगळले गेले. तेथील पोटगी मात्र पत्नीचीच राहिली. फौजदारी संहितेची जागा १९७३ च्या संहितेने घेतली आणि तिची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने. पण त्या झटपट मार्गाने पत्नी, मुले आणि आईवडील यांनाच दाद मागता येते, पतीला नाही. म्हणजे हिंदू पतीला पोटगी मागावयाची तर ती विवाहविषयक दाव्याच्या आश्रयानेच मागावी लागते.

हा हक्क पुस्तकात असला तरी तो मागणारे पती थोडेच निघाले. न्यायालयांनीही तो देताना हात आखडता ठेविला, आणि त्याला कारण होते. मध्य प्रदेश उच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात पती पूर्वी ऑटोरिक्षा चालवीत असे. पुढे त्याने ते बंद केले आणि आपल्याला उत्पन्न नाही म्हणून पत्नीकडे पोटगी मागितली. धडधाकट असून ज्याने स्वतःला असमर्थ करून घेतले त्याला हा आश्रय मिळणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. या निर्णयाची नोंद २००१ च्या निर्णयसंग्रहांत आहे. याच्या उलट दिल्लीतील एका प्रकरणात पत्नीचा वसतिगृहांचा चालता व्यवसाय होता आणि पतीपाशी काही उरले नव्हते. तेथे दरमहा २०,००० रुपये, दाव्याच्या खर्चाचे १०,००० रुपये आणि वापरासाठी एक मोटारगाडी पतीला देण्याचा हुकूम झाला. २०११ साली दिल्ली उच्च न्यायालयाने तो कायम केला. दोन्ही निकालांत कसोटी एकच आहे. मागणारा खरोखर गरजू आहे काय, आणि देणाऱ्याची ऐपत आहे काय?

महाराष्ट्रात या प्रश्नाची चर्चा घरोघरी झाली ती नांदेडच्या प्रकरणाने. १९९२ साली विवाह झालेल्या एका जोडप्याचा पत्नीच्या अर्जावरून २०१५ मध्ये घटस्फोट झाला. पत्नी शिक्षिका होती. घटस्फोटानंतर पतीने आपल्याला उत्पन्नाचे साधन नाही आणि प्रकृतीही बरी नाही असे सांगून दरमहा १५,००० रुपयांची कायम पोटगी मागितली. पत्नीच्या शिक्षणासाठी आपण संसाराचा भार उचलला, असेही त्याचे म्हणणे होते. त्याचे किराणा दुकान आहे, मुलीचा सांभाळ आपण करतो आणि विवाहच संपुष्टात आल्यावर पोटगी कसली, हे पत्नीचे उत्तर. नांदेडच्या न्यायालयाने २०१७ साली दरमहा ३,००० रुपयांची अंतरिम पोटगी ठरविली. ती मिळेना, तेव्हा २०१९ मध्ये शाळेच्या मुख्याध्यापकांना तिच्या पगारातून दरमहा ५,००० रुपये कापून थकबाकीपोटी न्यायालयात भरण्याचा आदेश झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने फेब्रुवारी २०२२ मध्ये हे आदेश उचलून धरले. कायद्यातील ‘त्यानंतर कधीही’ या शब्दांना संकुचित अर्थ देता येणार नाही आणि गरजू पतीलाही ते कलम खुले आहे, असा त्या निर्णयाचा मथितार्थ.

या निर्णयाने अनेकांची मने दुखावली, आणि ते स्वाभाविकही होते. जिने नोकरी केली, चूल सांभाळली, मूल वाढविले आणि शेवटी सुटका मागितली, तिच्याच पगारातून पुन्हा कपात व्हावी, हे कानाला कठोर लागते. आपल्या समाजात आजही जमिनीच्या सातबाऱ्यावर पुरुषाचेच नाव अधिक आढळते. घरकामाला मोल नाही. कमावत्या स्त्रीचा पगारही कित्येक घरांत तिच्या हाती राहत नाही. अशा ठिकाणी समतेचा नियम कागदावर सरळ आणि व्यवहारात वाकडा पडण्याची भीती असते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये, नागपूरहून वर गेलेल्या एका प्रकरणात, पोटगीच्या प्रत्येक दाव्यात दोन्ही पक्षांनी आपली मालमत्ता, उत्पन्न आणि देणी यांचे शपथपत्र दाखल केलेच पाहिजे, असा दंडक घातला. त्याचे खरे महत्त्व येथे आहे. गरज आणि ऐपत यांची मोजणी प्रामाणिक झाली तरच हे कलम न्यायाचे राहील. नाहीतर ते निष्क्रिय पतीच्या हातातील काठी होईल.

परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. अर्धांगाने लुळा पडलेला, दृष्टी गेलेला, मनाचा तोल ढळलेला पुरुषही शेवटी कोणाचा तरी पती असतो. तो पुरुष आहे एवढ्याच कारणाने त्याला कायद्याने दारातून परत पाठविले, तर पुरुषाने कधी दुबळे होऊच नये आणि स्त्रीने कधी समर्थ होऊच नये, या जुन्या गृहीतावरच आपण शिक्कामोर्तब करू. जो कायदा स्त्रीला कधीच देणारी मानीत नाही, तो तिला मनातून कधी मालकीण मानीत नसतो. इंग्लंडात १८७० साली हक्क आणि ओझे एकाच कायद्याने आले, तेव्हा ते ओझे गावाच्या तिजोरीसाठी होते. आज ते जर एखाद्या असहाय माणसाच्या पोटासाठी असेल आणि तिच्या ऐपतीबाहेरचे नसेल, तर त्यात अपमान नाही.

परवानगी, शिक्षा, सार्वजनिक तिजोरीची काळजी आणि अखेर गरज, असा या कर्तव्याचा प्रवास झाला. विज्ञानेश्वराच्या काळी पतीला पत्नीचे धन घेता येत होते, पण मागावे लागत नव्हते. १८८७ साली न्यायालयाने रखमाबाईंना स्वतःलाच पतीच्या हवाली होण्यास फर्मावले. २०२२ साली नांदेडच्या त्या शिक्षिकेकडे न्यायालयाने मागितले ते तीन हजार रुपये, आणि तेही तिचे उत्पन्न विचारात घेऊन. ती रक्कम योग्य होती की नव्हती, याविषयी मतभेद होतील आणि व्हावेतही. मात्र आता वाद रकमेचा आहे. ती स्त्री कोणाची, हा वाद न्यायालयात उरलेला नाही.